रोज चार, घरात आठ

प्रभामावशींच्या हॉलमध्ये सोफा नव्हता. सोफ्याच्या जागी एक पांढरा, आडवा, वर झाकण असलेला डीप फ्रीजर होता. त्यावर जुन्या साडीची घडी, घडीवर उशी आणि उशीवर मावशी. कुणी आलं की त्या अर्ध्या सरकायच्या आणि म्हणायच्या, "बस गो, गार आहे." आतलं काही काढायचं झालं तर दोघींनी उठायचं, उशी उचलायची, घडी उचलायची, झाकण उघडायचं, आणि तोवर काय काढायचं होतं ते दोघीही विसरलेल्या असायच्या. फ्रीजर भिंतीला लावा आणि समोर दोन खुर्च्या ठेवा, हे मी त्यांना किमान वीस वेळा सांगितलं. दर वेळी त्या "ठेवीन" म्हणाल्या.

त्या मूळच्या रत्नागिरीकडच्या. यजमान गेल्यावर बरीच वर्षं काशीमीऱ्याच्या हायवेवरच्या खानावळींना खवलेला नारळ पुरवायच्या, त्यासाठी घेतलेला हा फ्रीजर. गुडघे बसले, धंदा बंद झाला, पण फ्रीजर काही हाटकेश भागातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरून उतरला नाही. जिना अरुंद होता. चढवताना कसा चढवला होता असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "तेव्हा माणसं वेगळी होती."

माझी त्यांच्याशी ओळख गळामुळे झाली. मुर्धा गावाच्या मागे जुन्या मिठागराला लागून एक खाऱ्या पाण्याचं तळं आहे. ते जनूदादांच्या घराण्याचं. आम्ही चौदा हौशी लोक रविवारी सकाळी तिथे गळ टाकायला जातो. मी हाटकेशच्याच एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते. माल आला की नोंद, गेला की नोंद, हे माझं पंचवीस वर्षांचं काम, त्यामुळे इथली वहीसुद्धा आपोआप माझ्याकडे आली.

जनूदादांच्या अटी मोजक्याच होत्या. एका माणसाने एका दिवशी चार मासे, जास्त नाही. वितीपेक्षा लहान मासा परत पाण्यात. जिताडा लागला तर तोही परत, कारण जिताडे त्यांच्या घरच्यांनी वाढवलेले. आणि शेवटची अट, जी कुणाच्याच डोक्यात शिरत नव्हती: एका माणसाचे घरात कधीही आठांपेक्षा जास्त मासे साठलेले नकोत. लोकांना वाटायचं, रविवारी चार काढले, पुढच्या रविवारी चार, त्याच्या पुढच्या रविवारी चार, रोजची मर्यादा तर पाळली! पाळली, पण मधल्या दिवसांत खाल्ले नाहीत तर फ्रीजमध्ये बारा झाले, आणि बारा म्हणजे चार जास्त. मासा कुणाकडेही ठेवायला दिलेला असो, खाऊन संपेपर्यंत तो काढणाऱ्याच्याच नावावर. ही अट यायला कारण होतं. आमच्या आधी येणाऱ्या एकाने रोज नेमाने चार-चार काढून आठवडाभर साठवले आणि सगळे एका हॉटेलात दिले. घरी खाण्याची मुभा विकण्याची झाली, आणि जनूदादांनी त्याला हाकललं.

शिक्षाही त्यांनीच सांगितली होती. ज्याचा साठा आठांच्या वर गेला त्याचा गळ एक वर्ष बंद. आणि वही ठेवणाऱ्याचाच गेला तर तळं सगळ्यांनाच बंद. "वहीवालाच खोटा निघाला त मी कोनाच्या भरोशावर बसू?" ते म्हणाले होते. मी हे सगळं एका पुठ्ठ्यावर लिहून लॅमिनेट करून घेतलं आणि तळ्यावरच्या झाडाला बांधलं. मावशींनी पहिल्याच रविवारी त्या पुठ्ठ्यावर चहाचा कप ठेवता यावा म्हणून तो सोडवून आडवा केला.

मावशींकडे रॉड नव्हता. बांबूची काठी, दोरी आणि कणकेत सुका जवळा कुटून मळलेला गोळा, एवढंच सामान. आमचे आठ-दहा हजारांचे रॉड हलत नसायचे तेव्हा त्यांची काठी वाकायची. त्याचं मला काही नाही. मला त्रास व्हायचा तो मोजण्याचा.

पहिली भांडणं वितीवरून झाली. मावशींचा हात लहान, लहान मुलीसारखा. त्यांच्या वितीत जो मासा बसायचा तो माझ्या वितीत दोन बोटं कमी भरायचा.

"मावशी, हा सोडा. लहान आहे."

"कुणाच्या हाताने लहान? नियमात वीत लिहिलीय. ही बघ वीत."

"वीत म्हणजे मोठ्या माणसाची वीत."

"मी काय अंगणवाडीत जाते?"

मी पुढच्या रविवारी शिवणकामाची टेप आणली, जनूदादांची वीत मोजून घेतली आणि तेवढी पट्टी बादलीच्या झाकणावर चिकटवली. मावशींनी ती पट्टी नीट पाहिली आणि म्हणाल्या, "छान केलंस. आता मोजायला वाकावं लागणार." त्यानंतर प्रत्येक मासा मोजायला त्यांनी मलाच वाकायला लावलं.

मग आले अर्धे मासे. पट्टीवर जेमतेम बसणारी चिलापी त्या अर्धी धरायच्या. वहीत मी चार लिहिले की त्या तीन म्हणायच्या, "हे दोन मिळून एक." आमच्यातला जिग्नेश, भाईंदरचा हार्डवेअरवाला, एकदा मध्ये पडला. "मावशी, हाफ टिकट बच्चों की होती है, मच्छी की नहीं."

"तू गप. तुझ्या घरी माहीत तरी आहे का तू इथे काय करतोस ते?"

जिग्नेश लगेच आपल्या गळाकडे वळला. त्याच्या घरी खरंच माहीत नव्हतं. त्याच्या घरात कांदासुद्धा चालत नाही. त्याचे मासे मावशींच्या फ्रीजरमध्ये राहायचे, मावशीच ते रांधायच्या आणि तो दर बुधवारी "गिऱ्हाइकाकडे" जायचा.

पण माझी सगळ्यात मोठी वादावादी झाली ती बदलाबदलीवरून. मावशी पाण्यात बुडवलेल्या जाळीच्या टोपलीत मासे जिवंत ठेवायच्या. चार झाले तरी काठी खाली ठेवायच्या नाहीत. पाचवा मोठा लागला की टोपलीतला सगळ्यात लहान सोडून द्यायच्या. चारचे चारच! मी म्हटलं, टोपलीत पडला तो मोजला गेला, बदलायचा नाही. तासभर दाबून ठेवलेला मासा सोडला तरी जगत नाही, तुमच्या नावावर खरे तर पाच गेले.

"बाजारात दबलेला टोमॅटो परत करतेस की नाही?"

"टोमॅटो पोहत नाही, मावशी."

त्या दिवशी त्यांनी सोडलेली बोय दहा मिनिटांनी काठाशीच पोट वर करून आली. वहीत पाच लिहिणार होते, तेवढ्यात मावशींनी काठीने ती बोय ओढून घेतली, धुतली आणि माझ्यासमोर धरली. "लिही पाच. आणि पुढच्या रविवारचा एक वजा कर." मग माझ्यावरच चिडल्या. "एवढं माहीत होतं तर जरा मोठ्याने सांगायचंस. नुसती वहीत बघून पुटपुटतेस." त्यानंतर चौथा मासा आला की त्यांनी काठीची दोरी गुंडाळून ठेवली नाही असं कधी झालं नाही. पण ते सरळ ऐकलं म्हणतील तर शपथ!

फ्रीजरचं प्रकरण यातूनच वाढत गेलं. कुणाचा घरमालक शाकाहारी, कुणाच्या घरी फ्रीज लहान, म्हणून पाच-सहा जणांचे मासे मावशींकडे. मला ते डोळ्यांसमोर दिसायचं आणि झोप उडायची. साठा एकीकडे, मालक वेगवेगळे आणि एकावरही चिठ्ठी नाही! मी चिकटणाऱ्या चिठ्ठ्यांचं पाकीट आणि पाण्याने न पुसणारं पेन नेऊन दिलं. नाव, तारीख, मासा कोणता. महिन्याने गेले तर चिठ्ठ्या मसाल्यांच्या बरण्यांवर होत्या. हळद, धणे, मालवणी मसाला, सगळ्यावर नाव आणि तारीख.

"अहो, फ्रीजरमधल्या पुड्यांवर लावायच्या होत्या!"

"पुड्या मला ओळखू येतात. मसाले ओळखू येत नाहीत, चष्मा चढवावा लागतो."

एक मासा, एक पुडी, एवढा एकच नियम त्या तिथे पाळायच्या. बाकी सगळं त्यांच्या डोक्यात.

मार्च महिन्यात कारखान्यात वार्षिक साठामोजणी असते. त्या महिन्यात मी रविवारी सकाळी तळ्यावर आणि तिथून थेट कामावर जात होते. मासे घरी न्यायला वेळ नसायचा. जिग्नेश मावशींना रिक्षाने घरी सोडायचा, त्यांच्याबरोबर माझेही मासे जायचे. एप्रिलच्या पहिल्या रविवारी आम्ही मावशींकडे चहाला बसलो होतो. आम्ही म्हणजे मावशी आणि मी. दारात जनूदादा उभे. ते कधी हाटकेशला येत नसत.

"मावशी, राग धरू नको. मना कोनी सांगितला, तुज्या घरी चाळीस मासं हायेत."

"असतील," मावशी म्हणाल्या. "बस, गार आहे."

"मोजायचं हाय."

मी पुढे झाले. सगळं नियमात आहे, ते चौदा जणांपैकी कोणाकोणाचे आहेत, वही घरी आहे, मी आणते, असं बरंच बोलले. जनूदादा म्हणाले, "वही न्हाय, ताई. मासं." मावशींनी उशी काढली, घडी काढली, झाकण उघडलं आणि जमिनीवर वर्तमानपत्रं पसरायला मला सांगितलं.

एक चिठ्ठी नसताना त्या बाईने एकेचाळीस पुड्यांचे ढीग लावले. पुडी हातात घेऊन दाबायची आणि टाकायची. "ही अँथनीची. बोटभर जाड तुकडे. उत्तनच्या माणसाला पातळ तुकडा दिला तर विचारतो, घरात कुणी आजारी आहे का? ही जिग्नेशची. डोकं नाही, शेपूट नाही, कातडी नाही. आपण मासा खातोय हे त्याला स्वतःलाही कळता कामा नये." जनूदादा हसले. अँथनीचे आठ झाले, जिग्नेशचे सात, आणखी दोघांचे पाच आणि चार. "हे मीठ-हळद लावलेले माझे." सहा.

"आनि ते आख्खं?"

"ते शैलाचे," मावशींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला कापायला वेळ नसतो."

तेव्हा मला कळलं. मार्चचे चार रविवार: तीन, दोन, तीन, तीन. एकाही दिवशी चार नाहीत. वहीत माझी ओळ किती स्वच्छ दिसत होती! पण चारही रविवारचे सगळे मासे इथेच होते, एकही खाल्ला नव्हता. अकरा. कारखान्यात मी रोज संध्याकाळी उरलेला माल पुढच्या पानावर ओढते, ते न करता कुणी पान उलटलं तर त्याची हजेरी घेते. ही साठ्याची मर्यादा चौदा जणांना हात वर करून समजावून सांगणारी मी, आणि स्वतःचा साठा एकदाही पुढे ओढला नव्हता.

मावशी माझ्या ढिगात पुड्या टाकत होत्या. सहा. सात. आठ. नववी हातात आली. त्यांनी ती दाबली, क्षणभर थांबल्या आणि स्वतःच्या ढिगात टाकली. "ही माझी." दहावी. "ही माझी." अकरावी.

मी तोंड उघडलं.

"शैला, चहा टाक. जनूला बिनसाखरेचा."

आणि मी गेले. आयुष्यभर लोकांना कामं सांगितलेली बाई, कुणी ठामपणे काम सांगितलं की उठते, हे मला त्या दिवशी कळलं. आतून ऐकू येत होतं.

"मावशी, तुजं नऊ झालं."

"झाले असतील."

"आठाची बोली हाय."

"मग लिही की. मला काय विचारतोस?"

मी बाहेर यायला हवं होतं. चहा उतू जात होता, हे कारण मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगितलं. बाहेर आले तेव्हा जनूदादा खिशातल्या छोट्या डायरीत लिहून मोकळे झाले होते आणि मावशी पुन्हा उशीवर बसल्या होत्या. मावशींचा गळ एक वर्ष बंद.

मावशींच्या वयाला एक वर्ष म्हणजे किती, हे मला कुणी समजावायची गरज नव्हती. सोमवार ते शनिवार त्या तो जिना उतरत नसत. रविवारी सकाळी जिग्नेश आणि रिक्षावाला दोघे मिळून त्यांना उतरवायचे, आणि मग तीन तास त्या पाण्याकडे बघत बसायच्या. आठवड्यातलं तेवढंच बाहेर.

जनूदादा गेल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्याशी आवाज चढवून बोलले. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"तुझं नाव आलं असतं तर चौदा जणांचं तळं गेलं असतं. आता एकीचं गेलं. हिशेब तूच कर."

"मग एक पुडी जिग्नेशच्या ढिगात टाकायची. त्याचे सातच होते. त्याचे आठ झाले असते, तुमचेही आठ. कुणाचंच गेलं नसतं!"

"तो इथे नव्हता," मावशी म्हणाल्या. "नसलेल्या माणसाच्या नावावर कसा टाकू?"

"आणि मी इथे होते तर मला विचारायचं नाही?"

"विचारलं असतं तर तू यादी केली असतीस."



पुढच्या शनिवारी मी मुर्ध्याला गेले. जनूदादा अंगणात जाळं शिवत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं: ते तीन मासे माझे होते, मावशींचे सहाच, वहीचं काम मी सोडते, माझा गळ बंद करा, बाकीच्यांना शिक्षा नको. सगळं मी येताना मनात नीट लावून आणलं होतं.

त्यांनी सुई थांबवली नाही. "मीठ-हळदीच्या ढिगात तीन आख्खं मासं. मना दिसत न्हाय काय?"

"मग लिहिलंत कशाला?"

"तिनं सांगितला माजं, मी लिवला. मी मोजायला आलतो ताई, वळखायला न्हाय. आता तुमचा नाव लिवला त बोलीपरमानं तळा बंद. मग मावशीनं केला त्याचा काय झाला?" जाळं पुढे ओढून म्हणाले, "वही तुमीच ठेवा. तुमचा गळ तुमी बगा."

मी माझा रॉड माळ्यावर टाकला. वर्षभरासाठी. कुणाला सांगितलं नाही.

आणि रविवारी मावशी आल्या! जिग्नेशच्या खांद्यावर भार देत, प्लास्टिकचं स्टूल घेऊन, काठीशिवाय. गळ बंद झालाय, बसणं बंद झालेलं नाही, म्हणाल्या. मला रिकाम्या हाताने बघून त्यांनी डोळे बारीक केले.

"रॉड कुठे आहे?"

"विसरले."

"तू? विसरलीस?"

"माणूस विसरतं कधी कधी."

त्यांनी स्टूल माझ्या शेजारी ओढलं. तेव्हापासून आमच्या दोघींच्या तीन तासांना जे स्वरूप आलं ते कुणाच्याही वाट्याला येऊ नये असं मी म्हणेन. हातात काठी नसल्याने मावशींचं सगळं लक्ष आता इतरांवर. कुणाची दोरी ढिली, कुणाचा कणकेचा गोळा पातळ. "जिग्नेश, चौथा! गुंडाळ! गुंडाळ म्हणते ना!" आणि मासा पट्टीवर जेमतेम बसला की, "बोटभर कमी आहे, सोड त्याला." मी वाकून बघायची, पट्टीवर बरोबर बसलेला असायचा. "मावशी, बसतोय." "ओला आहे म्हणून लांब दिसतोय." नियम पाळायला लावणं ही इतकी त्रासदायक गोष्ट असू शकते हे मी पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच दुसऱ्या बाजूने अनुभवत होते.

पावसाळ्यात तळं बंद असतं. दिवाळीनंतर पुन्हा सुरू झालं आणि त्या पुन्हा स्टुलावर. एकही रविवार चुकवला नाही. मी मात्र त्यांना कधी "त्रास होतो का" असं विचारलं नाही, आणि त्यांनीही कधी पाण्याकडे बघून सुस्कारा सोडला नाही. सोडला असता तर बरं झालं असतं.

फेब्रुवारीत मावशींची लेक रत्नागिरीहून त्यांना न्यायला आली. गुडघ्यांची शस्त्रक्रिया तिकडे करायची, मग तिच्याकडेच राहायचं, असं ठरलं होतं. मावशींना विचारलं होतं की नाही, मला माहीत नाही. काशीमीऱ्याला हायवेवर सकाळची बस होती. मी अर्धी रजा टाकून गेले. जिग्नेशने सामान चढवलं आणि दुकान उघडायचं म्हणून पाया पडून निघाला. मावशींना खिडकीची जागा मिळाली. ट्रकच्या आवाजात एकमेकींचं ऐकू येत नव्हतं, म्हणून मी खिडकीखाली उभी राहून ओरडले.

"मावशी, वर्ष संपायला पाचच रविवार राहिलेत! संपलं की मी न्यायला येते. काठी तयार ठेवते."

"सहा!"

"पाच. एप्रिलचा पहिला रविवार धरला तर पाच."

"सहा राहिलेत गो!"

"अहो, मी मोजलेत!"

कंडक्टरने घंटी मारली. बस हलली. लेक त्यांना आत ओढत होती, आणि मावशी अर्ध्या खिडकीबाहेर. एका हाताची पाचही बोटं पसरलेली, दुसऱ्या हाताचं एक वर, मान ठामपणे हलवत. मी बस दिसेनाशी होईपर्यंत पाच बोटं दाखवत राहिले.

कामावर पोचल्यावर आधी कॅलेंडर काढलं आणि पेन्सिलीने एकेका रविवारवर टिंब दिलं. सहा होते.